दृष्टीआडची सृष्टी

घर बांधून होते, भिंतींचा रंग वाळतो, वास्तुशांतही पार पडते. पण घरामागचे अंगण बहुधा तसेच राहून गेलेले असते. फुटक्या विटा, चाळून उरलेली खडी, सिमेंटच्या पाण्याने कडक झालेली माती अशा त्या जागेला बागेचे रूप द्यावे, एका कोपऱ्यात लहानसे तळे करावे आणि त्यात कमळे फुलवावीत, ही इच्छा एकेकाळी वाड्यांच्या आणि संस्थानिकांच्याच आवाक्यातली होती. आज ती शहराच्या कडेला दोन-तीन गुंठ्यांत घर बांधणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा बँकेतील कारकुनाच्या मनातही येते. काम तसे किरकोळ. दहा-पंधरा फूट लांबीचा, कमरेइतकाही खोल नसलेला एक खड्डा. परंतु त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून जो मालक मजुरांचे काम पाहत असतो, त्याच्या पाहण्यात नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो? त्या अधिकाराची मर्यादा कोणती? आणि ज्याच्यावर डोळा ठेवला जातो, त्याचे पाहणाऱ्यावर काही ऋण असते की नाही?

हा प्रश्न कोणत्याही बांधकामाच्या संदर्भात विचारता येईल. पण तळ्याच्या संदर्भात तो विशेष तीव्र होतो, कारण तळ्यात जे महत्त्वाचे ते सारे शेवटी झाकले जाते. भिंत वाकडी झाली तर ती दिसते. ओळंबा लावला की वाद मिटतो. तळ्याचे तसे नाही. दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट घातले तर ते तडकण्याचा धोका असतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत ती माती उपसावी लागते आणि तळ धुम्मसाने ठोकून घट्ट करावा लागतो. काठ सर्व बाजूंनी एका पातळीत आहे की नाही हे पाणसळीने ताडून पाहावे लागते. तो एका बाजूला दोन बोटे जरी खाली असला, तरी पाणी तेथूनच वाहून जाते आणि समोरचा काठ कायमचा उघडा पडतो. पाणी न झिरपू देणारा थर काँक्रीटचा असो, रबरी चादरीचा असो की तुडवून घट्ट केलेल्या चिकणमातीचा असो, तो अखंड असावा लागतो. चादरीखाली वाळूची गादी नसेल तर एखादा टोकदार दगड ती भेदून जातो. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. हे सारे झाल्यावर तळे भरले जाते, आणि भरता भरता हे सारे दृष्टीआड होते. कमळाच्या पानांखाली काय आहे, हे मग करणाऱ्यालाच ठाऊक.

'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण मराठी माणूस बहुधा समाधानाच्या सुरात वापरतो. जे दिसत नाही त्याचा विचार करू नये, म्हणजे मनाला त्रास होत नाही, असा तिचा व्यावहारिक उपदेश आहे. तळे खोदून घेणाऱ्याला ही सोय उपलब्ध नसते. त्याच्या दृष्टीआडच्या सृष्टीवरच त्याच्या दृष्टीसमोरचे पाणी उभे असते. म्हणून त्याला पाहावे लागते, आणि पाहण्याचे प्रकारही अनेक आहेत. मराठीत 'नजर ठेवणे' आणि 'लक्ष देणे' ह्या दोन क्रिया एक नाहीत. नजर माणसावर ठेवली जाते आणि तिच्यात संशय गृहीत असतो. लक्ष कामाकडे दिले जाते आणि त्यात आस्था असते. 'देखरेख' हा शब्द ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो कोणत्या बाजूला झुकेल, हे पाहणाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून असते.

राज्यशास्त्राने आणि अर्थशास्त्राने ह्या शब्दाची संशयाची बाजूच अधिक विचारात घेतली आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'चे दुसरे अधिकरण 'अध्यक्षप्रचार' ह्या नावाचे आहे. त्यात निरनिराळ्या खात्यांवरील अधिकाऱ्यांची कर्तव्ये आणि त्यांच्या अपहाराचे प्रकार सांगितले आहेत. तेथे कौटिल्य माशाचा दृष्टान्त देतो. पाण्यात वावरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे धनाच्या व्यवहारात वावरणारा अधिकारी धन केव्हा खातो हेही कळत नाही, असा त्याचा आशय आहे. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अ‍ॅडम स्मिथनेही परक्याचा पैसा सांभाळणाऱ्यांविषयी हीच शंका व्यक्त केली. स्वतःच्या पैशाकडे माणूस ज्या काळजीने पाहतो, त्या काळजीने तो दुसऱ्याच्या पैशाकडे पाहील अशी अपेक्षा करता येत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. जेरेमी बेंथमने १७८७ मध्ये पत्ररूपाने मांडलेली आणि १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्तुळाकार इमारतीची योजना तर सर्वश्रुत आहे. मध्यभागी बसलेला निरीक्षक सर्वांना पाहू शकतो आणि तो पाहत आहे की नाही हे कोणालाच कळत नाही, अशी ती रचना. मिशेल फूकोने १९७५ मध्ये तिचे विश्लेषण केल्यापासून ती कारागृहाचे प्रतीक म्हणून ओळखली जाते. परंतु ह्या कल्पनेचा उगम कारागृहात झालेला नव्हता. बेंथमचा धाकटा भाऊ सॅम्युएल रशियात पोटेम्किनच्या जहागिरीत कारखान्यांची व्यवस्था पाहत होता. तेथील कामगारांवर देखरेख कशी ठेवावी, ह्या विवंचनेतून ही रचना त्याला सुचली. कैद्याच्या आधी कामगार ह्या नजरेखाली आला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ह्या संशयाला आधार नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कंत्राटदाराला जे माहीत असते ते मालकाला माहीत नसते. सिमेंटचे प्रमाण किती घातले, चादरीचा जोड नीट चिकटवला की नुसता एकावर एक ठेवला, उपसलेल्या खड्ड्यात पुन्हा तीच काळी माती लोटली की काय, हे त्याला पाहून कळत नाही, आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय मालक म्हणजे दरवेळी धनाढ्य आणि मजूर म्हणजे दरवेळी असहाय, अशी सरळ विभागणीही खरी नाही. आयुष्यभराच्या पुंजीतून घर उभे करणाऱ्या माणसाला फसवले गेले तर त्याच्यापाशी पुन्हा तळ उकरण्याइतके पैसे नसतात. तेव्हा आपल्या पैशाचे काय होते हे पाहण्याचा त्याचा अधिकार खरा आहे. तो नाकारून विश्वासाचे गोडवे गाणे म्हणजे फसवणाऱ्याला मोकळे रान देणे होय. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण ज्या समाजाने अनुभवातून घडवली, त्याला हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु अधिकार खरा असला म्हणजे तो कसाही बजावावा असे होत नाही. सतत डोळ्यांखाली राहिलेले काम हळूहळू डोळ्यांसाठीच केले जाऊ लागते. मालकाला दिसणारा काठ गुळगुळीत होतो, आणि न दिसणारा तळ ओबडधोबड राहतो. ज्याची प्रत्येक हालचाल कोणीतरी पाहत आहे, तो माणूस हालचालीची जबाबदारीही पाहणाऱ्याच्या अंगावर टाकतो. 'साहेब समोर उभे होते, त्यांनीच असे करा म्हणून सांगितले' हे वाक्य बांधकामाच्या जागी वारंवार ऐकू येते, आणि ते नेहमीच खोटे असते असे नाही. खुर्ची टाकून दिवसभर बसणारा मालक गवंड्याला तासातासाला नवी सूचना देतो. सकाळी गोल असलेला काठ दुपारी नागमोडी होतो. ठरलेली खोली शेजाऱ्याच्या सल्ल्याने बदलते. अशा कामातील दोष कोणाचा, हे मग कोणत्याही न्यायाधीशाला ठरवता येणार नाही. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या तत्त्वांत कामाचा विचार करणारा आणि काम करणारा ह्यांची फारकत केली होती. त्या फारकतीने उत्पादन वाढले असेल. पण हाताला विचार करण्याची गरज नाही असे ज्याला रोज सांगितले जाते, त्या हाताने न दिसणाऱ्या थराची काळजी वाहावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

भारतीय तत्त्वविचाराला पाहण्याचा आणखी एक प्रकार परिचित आहे. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. त्यांपैकी एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. पाहणारा तो साक्षी. त्याचे पाहणे निर्मळ असते, कारण फळाशी त्याचा संबंध नसतो. अंगणात उभ्या असलेल्या मालकाची अडचण अशी की, त्याला दोन्ही पक्षी व्हायचे असते. फळ त्यालाच खायचे आहे आणि निःपक्षपाती साक्षीची प्रतिष्ठाही त्यालाच हवी आहे. दोष सापडला तर पैसे कापता येतील, हा विचार मनात असताना दोष शोधणारी दृष्टी निर्मळ राहणे कठीण. म्हणून मालकाने स्वतःला साक्षी समजण्यापूर्वी आपण भोक्ते आहोत हे मान्य केले पाहिजे. हे मान्य केले की आपल्या नजरेवरही काही बंधन हवे, हे त्याला आपोआप पटू लागते.

ते बंधन कसे असावे, ह्याचा एक साधा धडा तळ्याच्या कामातच मिळतो. तळे भरल्यानंतर काही दिवसांत पाण्याची पातळी खाली गेलेली दिसते. मालकाला वाटते, तळ गळतो. गवंडी म्हणतो, ऊन खेचते. दोघांचेही म्हणणे संभवनीय असते, कारण कोरड्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची काही मिलिमीटर वाफ रोज होतच असते. अशा वेळी जाणकार माणूस एक बादली पाण्याने भरून तळ्याच्या काठाशी ठेवतो. दोन्हीकडच्या पातळीवर खूण करायची आणि एक-दोन दिवसांनी पाहायचे. बादलीतले पाणी जितके उतरले तितकेच तळ्यातले उतरले असेल, तर ते सूर्याने नेले. तळ्यातले अधिक उतरले असेल, तर तेवढ्यापुरता तळ दोषी. ही चाचणी कोणाच्या बाजूची नाही. तळे आणि बादली दोन्ही एकाच उन्हात असतात आणि खूण दोघांसमक्ष केलेली असते. न्याय्य देखरेखीचे सारे मर्म ह्या बादलीत आहे. कोणत्याही कामात काही घट निसर्गाची असते. पावसाने एक दिवस बुडतो, वाळू वेळेवर येत नाही, जमिनीत अनपेक्षित खडक लागतो. ज्या मालकापाशी बादली नाही, तो सूर्याने नेलेले पाणीही मजुराच्या नावावर मांडतो. आणि ज्या कंत्राटदाराला बादली नको असते, तो स्वतःची गळती सूर्याच्या नावावर खपवतो. प्रामाणिक माणसाला अशा मापाचे भय वाटण्याचे कारण नसते, उलट त्याला त्याचा आधार वाटतो.

येथपर्यंतचा विचार मालक आणि करणारा अशा दोघांनाच धरून झाला. वस्तुस्थिती इतकी सुटसुटीत नसते. मालक कंत्राटदाराशी बोलतो. कंत्राटदार खोदाईचे काम पोटकंत्राटदाराला देतो. तो मुकादमाला सांगतो. मुकादम नाक्यावरून माणसे आणतो. उन्हात घमेली वाहणाऱ्या बाईपर्यंत पोहोचेतो मालकाच्या दृष्टीला तीन-चार पडदे पार करावे लागतात, आणि बहुधा ती पहिल्या पडद्यापाशीच थांबते. काँक्रीटखालच्या वाळूविषयी जो मालक इतका जागरूक असतो, तो त्या बाईला दिवसाची मजुरी किती मिळते, ती पुरुषाच्या मजुरीइतकी आहे की नाही, तिचे मूल झाडाखाली कोणाच्या भरवशावर झोपले आहे, हे सहसा विचारत नाही. येथे मात्र त्याला 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण सोयीची वाटते. परंतु हा पडदा त्याच्याच हाताने विणलेला असतो. तीन कंत्राटदारांकडून दर मागवून, सर्वांत कमी दर सांगणाऱ्याकडून आणखी काही हजार कमी करून घेतले, तेव्हा ते हजार कोठून तरी येणारच होते. ते एक तर वाळूच्या थरातून येतात किंवा मजुरीतून. देखरेखीची सुरुवात खड्ड्याच्या काठावर होते असा समज आहे. ती खरे तर दर ठरवताना झालेली असते. न परवडणाऱ्या दराला होकार मिळवणाऱ्याने पातळ थराची आज्ञा आधीच दिलेली असते.

कायद्याने ह्या पडद्यांचा विचार केला होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने मजुरी चुकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. परंतु तो कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. १९७६ च्या समान वेतन कायद्याने स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखी मजुरी हे तत्त्व मान्य केले, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आले. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करवून घेणाऱ्या व्यक्तीला वगळले होते. असे वगळण्यामागे व्यवहाराची कारणे आहेत; प्रत्येक अंगणात निरीक्षक पाठवणे शक्य नसते. पण त्याचा अर्थ असा की, घरमालकाच्या फाटकाशी येऊन कायद्याचे बळ बरेच ओसरते. फाटकाच्या आत जे उरते ती नीती. जेथे मालकावर पाहणारा कोणीच नसतो, तेथे तो मजुरावर कसा पाहतो, ह्यातच त्याची परीक्षा होते. ज्या प्रामाणिकपणाची तो गवंड्याकडून अपेक्षा करतो, तोच प्रामाणिकपणा येथे त्याच्याकडून अपेक्षित असतो.

घरामागच्या तळ्यांमध्ये जगात सर्वांत प्रसिद्ध झालेले तळे फ्रान्समधील जिव्हेर्नी ह्या खेड्यात आहे. चित्रकार क्लोद मोने १८८३ मध्ये तेथे राहावयास आला, १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतले, आणि १८९३ मध्ये रस्त्यापलीकडची जमीन घेऊन तेथे कमळांचे तळे करण्याचे ठरवले. त्यासाठी जवळच्या ओढ्याचे पाणी वळवावे लागणार होते आणि शासकीय परवानगी आवश्यक होती. गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी वनस्पतींनी ओढ्याचे पाणी दूषित होईल, ही त्यांची भीती होती. अखेर परवानगी मिळाली. १९०१ नंतर तळे आणखी वाढवले गेले. मोनेची देखरेख बारकाईची होती. त्याने माळ्यांना लागवडीच्या तपशीलवार सूचना दिल्या, आणि पुढे तळ्याची निगा राखण्यासाठी एक माळी स्वतंत्र नेमला. हे पाहणे कारागिराने कारागिराकडे पाहण्यासारखे होते, कारण आपल्याला काय हवे हे त्याला नेमके ठाऊक होते. ह्या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्याला कामातले काही कळते त्याचीच देखरेख करणाऱ्याला जाचक वाटत नाही. म्हणून पाहण्याचा अधिकार गाजवण्यापूर्वी पाहण्याची पात्रता मिळवणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. आणि देखरेखीचे क्षेत्र कुंपणाशी संपत नाही. अंगणाचा उतार बदलला की पावसाचे पाणी कोणाच्या जोत्याकडे वळते, साचलेल्या पाण्यातले डास कोणाच्या घरात जातात, उन्हाळ्यात तळे भरण्यासाठी मागवलेल्या टँकरचे पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून उपसलेले असते, ह्या प्रश्नांकडे कंत्राटदार पाहणार नाही. ते मालकालाच पाहावे लागतात. जिव्हेर्नीच्या गावकऱ्यांची भीती खरी ठरली नाही. तिचे उत्तर देणे मात्र मोनेला भागच होते. त्या पाण्यावर उमटलेली चित्रे १९२७ पासून पॅरिसच्या ओरांझरी संग्रहालयात आहेत. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. फावडे चालवणाऱ्यांची नावे तेथे नाहीत.

महाराष्ट्रात पाण्याभोवतीच्या देखरेखीला आणखी एक कठोर अर्थ होता. माती वडार, गाडी वडार, पाथरवट अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समूहांनी पिढ्यान्‌पिढ्या माती उपसली आणि दगड फोडला. विहिरी खोदल्या गेल्या, तळी बांधली गेली, आणि मग त्या पाण्यावर पहारा बसला. हा पहारा कामाच्या दर्जावर नव्हता, तो स्पर्शावर होता. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा खाजगी अंगणातील पाण्याला प्रथमच सार्वजनिक नीतीचे परिमाण प्राप्त झाले. हेच फुले कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा त्या नात्याने संबंध आला होता. कामावरील माणूस आणि कामाचा हिशेब ठेवणारा अधिकारी ह्यांच्यामधले व्यवहार त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते, आणि सरकारी खात्यांतल्या लाचलुचपतीविषयी त्यांनी स्पष्टपणे लिहिलेही. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले, तेव्हा पाण्यावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. नगरपालिकेने त्याआधीच तळे खुले केल्याचा ठराव केलेला होता. तरी न्यायालयाचा अंतिम निर्णय मिळायला १९३७ साल उजाडले. ह्या इतिहासाचा अंगणातल्या लहानशा तळ्याशी संबंध नाही असे ज्याला वाटते, त्याने तळे खोदणाऱ्या मजुराला घरातून पाणी कोणत्या भांड्यात दिले जाते, एवढेच पाहावे. वेगळा ठेवलेला एक पेला देखरेखीविषयीच्या सर्व उदात्त विधानांना खोटे पाडण्यास पुरेसा असतो.

ह्या विवेचनातून देखरेखीचा काही आदर्श निष्पन्न होतो काय? पुण्यातील एका जुन्या बांधकामाकडे पाहिले असता तो सापडतो. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी शहरातील हौदांपर्यंत आणण्यासाठी जमिनीखालून नळ बांधण्यात आला. सारे काम पुरले जाणार होते. बांधणाऱ्यांनी त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. पुण्यातले लोक त्यांना उसासे म्हणतात. नळातील हवेला त्यांतून वाट मिळते आणि आत काय चालले आहे हे पाहण्यासही ते उपयोगी पडतात. झाकल्या जाणाऱ्या कामातच पुढच्या पाहणीची वाट राखून ठेवणे, ही त्या अज्ञात कारागिरांची दृष्टी होती. पाहणारा अजून जन्माला यावयाचा आहे, आणि तो आपल्या कामात उतरून पाहील, हे त्यांनी गृहीत धरले होते.

अंगणातल्या तळ्यालाही असे उच्छ्वास ठेवता येतात. प्रत्येक थर झाकण्यापूर्वी तो दोघांनी मिळून पाहावा, आणि केव्हा पाहायचा हे आधी ठरलेले असावे. एरवी करणाऱ्याला त्याच्या हातांसह एकटे सोडावे. प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या पाहणीनंतर लगेच द्यावेत, म्हणजे मजुराची मजुरी तळ्याच्या शेवटच्या थेंबापर्यंत अडकून पडणार नाही. काही रक्कम पहिला उन्हाळा जाईपर्यंत राखून ठेवायची असेल, तर ती कंत्राटदाराच्या नफ्यातून राखावी; घमेले वाहणारीच्या हाजिरीतून ती राखली जाणार नाही, ह्याची खात्री मालकाने स्वतः करून घ्यावी. आणि गवंड्याने येऊन सांगितले की मुरूम अजून लागलेला नाही, आणखी दोन दिवस खोदावे लागेल, तर मुहूर्ताची तारीख पुढे ढकलण्याची मालकाची तयारी असावी. पुष्कळदा काम बिघडते ते येथे. करणाऱ्याने न दिसणाऱ्या थराविषयी खरे सांगितलेले असते आणि ऐकणाऱ्याला ते नको असते, कारण पाहुण्यांना आमंत्रणे गेलेली असतात. खरे सांगण्याची अशी शिक्षा एकदा मिळाली की तो गवंडी पुढच्या अंगणात गप्प राहतो, आणि त्या पुढच्या मालकाला वाटते की जगातून प्रामाणिक माणसे नाहीशी झाली.

एवढे करूनही काही न पाहिलेले उरणारच. कोणताही मालक धुम्मसाचा प्रत्येक ठोका मोजू शकत नाही, आणि ज्याने तो मोजायचा प्रयत्न केला त्याने काम पाहिले नाही, ठोके पाहिले. ह्या उरलेल्या अंतरात विश्वास असतो. तो अज्ञानातून येत नाही. पाहण्यासारखे होते ते पाहून झाल्यावर, विचारण्यासारखे होते ते विचारून झाल्यावर, आणि स्वतःच्या वाट्याचे देणे चुकते केल्यावर, जे अजून अज्ञात राहते ते दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा तो जाणता निर्णय असतो. ज्याने देणे चुकते केलेले नाही, त्याला असा विश्वास ठेवण्याचा अधिकारच पोहोचत नाही. त्याच्या वाट्याला येते ती केवळ आशा.

तळे भरले की देखरेखीचा काळ संपतो. नव्या काँक्रीटमधला चुना उतरावा म्हणून पाणी दोन-चार वेळा बदलावे लागते. मग गप्पी मासे सोडायचे आणि कमळाचे कंद लावायचे. तोवर खोदणारी माणसे दुसऱ्या कोणाच्या अंगणात गेलेली असतात. मालक संध्याकाळी काठावर बसतो तेव्हा पाण्याच्या तळाशी दोघांचीही वागणूक थराथराने बसलेली असते. त्यांनी कसे काम केले आणि त्याने ते कसे करवून घेतले, ह्याचा हिशेब पहिल्या उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीवरून काही अंशी लागेल. मजुरीचा आणि पेल्याचा हिशेब मात्र त्या पातळीत दिसणार नाही; तो मालकाला स्वतःलाच ठेवावा लागेल.